बार्शी रोड : उसन्या नावाच्या गावाचा इतिहास

मराठीत रेल्वेविषयीचे लेखन जवळजवळ रेल्वेबरोबरच जन्मले. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे 'लोखंडी सडकांचे चमत्कार' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकातला 'चमत्कार' हा शब्द त्या काळाला शोभणाराच होता. बैलगाडीच्या वेगाने जग पाहणाऱ्या माणसाला दुसरा शब्द सुचणे कठीण. पण या शब्दाने आपल्या रेल्वेलेखनाला जी सवय लावली ती अजून सुटलेली नाही. गाडी आली तेव्हा आपण चकित झालो, आणि अलीकडे छोट्या गाड्या बंद पडू लागल्या तेव्हा हळहळलो. आश्चर्य आणि हळहळ यांच्या मधल्या दीडशे वर्षांत रूळांच्या कडेला जी गावे उभी राहिली, त्यांतली माणसे काय काम करत होती, कोणाच्या जिवावर पोट भरत होती, याची नोंद फार विरळ आहे. आणि नोंद नसल्यामुळे त्या गावांना स्वतःचा इतिहास नाही, फक्त रेल्वेचा आहे, असा समज पक्का झाला आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे या समजाचे चांगले उदाहरण आहे. भुसावळ, मनमाड, दौंड ही मोठी जंक्शने. त्यांच्याविषयी कोणी ना कोणी लिहितेच. कुर्डुवाडी आकाराने लहान. पण लहान असल्यामुळेच तिथे रेल्वेने गाव कसे घडवले आणि कसे सोडले, हे डोळ्यांसमोर स्पष्ट दिसते. या गावाविषयी आजवर जे लिहिले गेले त्याची तपासणी करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

आधी नावाचे पाहू. कुर्डू हे जुने गाव थोड्या अंतरावर आहे, त्याची ही वाडी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची 'जीआयपी', पुण्याकडून सोलापूरकडे सरकत १८५९ मध्ये या माळावर पोचली आणि १८६० मध्ये सोलापूरला गेली. माळावरच्या त्या स्टेशनाला कुर्डूचे नाव मिळाले नाही, वाडीचेही नाही. त्याचे नाव पडले 'बार्शी रोड'. रेल्वेच्या परिभाषेत 'रोड' या शब्दाचा अर्थ वाचकांना ठाऊक असेलच : नाशिक रोड, अक्कलकोट रोड. ज्या गावाला जायचे ते गाव इथे नाही, इथून पुढे रस्त्याने जावे लागेल, अशी ती कबुली असते. बार्शी रोडपासून बार्शी एकवीस मैलांवर. म्हणजे स्टेशन ज्या भूमीवर उभे होते तिला नकाशावर अस्तित्व नव्हते, आणि ज्या गावाच्या नावाने ते ओळखले जाई ते गाव दिवसभराच्या गाडीवाटेवर.

उसने नाव ही केवळ गंमत नाही, त्यामागे व्यापाराचा हिशेब आहे. बार्शी ही कापसाची, धान्याची, गळिताच्या मालाची मोठी पेठ होती. बालाघाटाच्या पलीकडचा, निजामाच्या मुलखातला माल घाट उतरून बार्शीत येई. जीआयपीची मुख्य लाईन मुंबई आणि मद्रास जोडण्यासाठी आखलेली. ती बार्शीसाठी वाट वाकडी करणार नव्हती. त्यामुळे बार्शीचा माल बैलगाड्यांनी बार्शी रोडला येई आणि तिथे वाघिणीत चढे. आता कुर्डुवाडीचा इतिहास सांगणारी स्मरणिका, मग ती शाळेची असो की पतसंस्थेची, कुठून सुरू होते? बहुतेक ठिकाणी एकाच वाक्याने : एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाईट रेल्वे सुरू केली आणि गाव वसले. कॅल्थ्रॉप जन्मला १८५७ मध्ये. बार्शी रोड स्टेशनात पहिली गाडी आली तेव्हा हा संस्थापक पुरता दोन वर्षांचा होता. त्याची छोटी गाडी सुरू झाली १८९७ मध्ये. मधली अडतीस वर्षे कुठे गेली?

त्या अडतीस वर्षांत इथे मालधक्का होता, गाडीतळ होता, बैलांच्या वैरणीचा आणि पाण्याचा धंदा होता, हुंडेकरी होते. १८७६-७७ चा दुष्काळ याच काळातला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला आणि अशा मुलखात बाहेरचे धान्य पोचायचे ते रेल्वेनेच. पंढरपूरचे यात्रेकरू इथेच उतरून पुढचे एकतीस मैल पायी किंवा गाडीने जात. १८८४ मध्ये निघालेला सोलापूरचा गॅझेटियर हा याच काळाचा ग्रंथ आहे. त्यात कॅल्थ्रॉप असणे शक्य नाही, आणि बार्शी रोड मात्र आहे. गॅझेटियरकारांना गावाचे कौतुक नाही. त्यांना स्टेशन दिसते ते रस्त्याचे टोक म्हणून, व्यापाराच्या प्रकरणातले एक ठिकाण म्हणून. हा ग्रंथ राज्यकारभारासाठी लिहिलेला होता, त्यामुळे त्यात हमालाचा चेहरा शोधणे व्यर्थ. तरीही आमच्या स्मरणिकांपेक्षा तो एका बाबतीत खरा आहे : त्याने गावाचे मूळ एका माणसात शोधले नाही, रस्त्यात शोधले.

कॅल्थ्रॉपविषयी आकस धरण्याचे कारण नाही. माणूस विलक्षण होता. १८८२ मध्ये तो जीआयपीच्या नोकरीत आला आणि मुख्य लाईनला पोसणाऱ्या स्वस्त, हलक्या फाट्यांचे वेड त्याच्या डोक्यात शिरले. पुढे नोकरी सोडून त्याने १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदवली. अडीच फुटांचे नॅरोगेज घ्यायचे, पण प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, इंजिन असो की डबा. भार असा सारखा वाटला की हलके रूळही जड माल वाहू शकतात, हे त्याचे म्हणणे. इंजिने लीड्सच्या किट्सन कारखान्यातली, पुढची आठ चाके जोडलेली. हिंदुस्थानात आणण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून त्याने ही सामग्री तज्ज्ञांना चालवून दाखवली. पुढे याच विद्येवर त्याने इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी लाईन उभारली, आणि उत्तरायुष्यात वैमानिकांचे प्राण वाचावेत म्हणून पॅराशूटच्या मागे लागला.

इंग्रजीत रेल्वेप्रेमींचे जे लेखन आहे ते या सगळ्यावर प्रेमाने लिहिलेले आहे. कोणते इंजिन कोणत्या वर्षी आले, चाकांची मांडणी काय, कारखान्याचा क्रमांक काय, यांत त्यांची चूक काढणे अवघड. मी त्यांचे ऋण मानतो. इतक्या चिकाटीने आपल्याकडे कोणी तारखा जुळवलेल्या नाहीत. पण त्यांची छायाचित्रे पाहावीत. इंजिन मध्यभागी, स्वच्छ, बाजूने घेतलेले; कडेला अर्धे कापले गेलेले एखादे धोतर, डोक्यावरच्या पाटीचा एक कोपरा. तीच गोष्ट मजकुराची. मॅनिफोल्डची लाईन १९०४ ला सुरू होऊन १९३४ ला बंद झाली, म्हणजे तीस वर्षे चालली, आणि तिच्यावर एकाहून अधिक पुस्तके आहेत. बार्शीची लाईन शंभर वर्षांहून अधिक चालली. तिला या लेखनात मान मिळतो तो पुष्कळदा मॅनिफोल्डची थोरली बहीण म्हणून. ज्या लाईनने लातूरची पेठ मोठी केली, पंढरीची वारी बदलली, तिची ओळख इंग्लंडातल्या एका खोऱ्यातल्या गाडीवरून करून द्यावी, हे त्यांच्या जागेवरून ठीक असेल. आपण तीच ओळख उतरवून घेतो, हे ठीक नाही.

तिसरा प्रकार आपल्या घरचा, हळहळीचा. छोटी गाडी इतकी संथ की माणूस उतरून बोरे वेचून पुन्हा चढे. गार्ड ओळखीचा, तो पाव्हण्यासाठी गाडी थांबवी. हे किस्से दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून आपण सर्वांनी वाचले आहेत. मी अशा लेखांची कात्रणे बरीच वर्षे जमवत आलो आहे. हाच बोरांचा किस्सा मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेविषयी आहे, पाचोरा-जामनेरविषयी आहे, बार्शी लाईटविषयी तर आहेच. कुठे बोरे, कुठे चिंचा, कुठे हरभऱ्याचे डहाळे. जो किस्सा सगळ्या गाड्यांना लागू पडतो तो एकाही गाडीविषयी काही सांगत नाही. तो सांगतो प्रवाशाविषयी, ज्याला घाई नव्हती. पण या गाडीवर ज्याला घाई होती असा माणूस कोण होता? हा प्रश्न विचारला की आपण मालधक्क्यावर येतो, आणि माझ्या मते कुर्डुवाडीचा इतिहास तिथेच आहे.

मुख्य लाईन ब्रॉडगेज, साडेपाच फुटी. बार्शीची लाईन अडीच फुटी. एकीवरची वाघीण दुसरीवर जाऊ शकत नाही. त्यामुळे बार्शी-लातूरकडून आलेले प्रत्येक पोते, प्रत्येक कापसाचा गठ्ठा, गुळाची प्रत्येक ढेप कुर्डुवाडीत एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. मुंबईकडून येणारे कापड, रॉकेल, मीठ, लोखंड उलट दिशेने तसेच. रेल्वे इंजिनिअरांच्या ग्रंथांत गेज बदलणे हा दोष मानला जातो : वेळ जातो, माल फुटतो, चोरीला जातो, खर्च वाढतो. हे सगळे खरेच आहे. मात्र कुर्डुवाडीतून पाहिले तर हा दोष म्हणजे गावाची भाकरी होती. नुसते गणित करून पाहावे. पंधरा टन माल म्हणजे शंभर किलोची दीडशे पोती. दीडशे वेळा पाठ वाकवायची, फळीवरून चालायचे, थप्पी लावायची. मोसमात असा माल सतत येई. उतरवणारा हमाल, मोजणारा मापाडी, पावत्या करणारा कारकून, फाटलेली पोती शिवणारा, सांडलेले धान्य झाडून नेणाऱ्या बायका, या सर्वांना चहा देणारा, आणि व्यापाऱ्याच्या वतीने हे सगळे जमवून आणणारा हुंडेकरी. एक फूट, दोन फूट, तीन फूट. रूळांतला तीन फुटांचा फरक एवढ्या माणसांना जगवत होता.

घाई होती ती इथे. ब्रॉडगेजची वाघीण ठरल्या मुदतीत भरली नाही तर रेल्वे दंड लावी. तो चुकवायचा म्हणून रात्री कंदिलाच्या उजेडात पोती चढत. संथ गाडीच्या किश्शात हा कंदील कधी दिसत नाही.

हीच गोष्ट माणसांचीही होती. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे फाटा सुरू झाला. त्याआधी इथून निघणाऱ्या यात्रेच्या बैलगाड्या त्या दिवसापासून कमी होत गेल्या असणार. गाडीवानांच्या बाजूने या घटनेकडे कोणी पाहिलेले नाही. यात्रेकरूंनाही कुर्डुवाडीत गाडी बदलावीच लागे. मोठी गाडी मध्यरात्री आणणार, छोटी पहाटे नेणार, मधला मुक्काम फलाटावर किंवा बाहेर. आषाढी-कार्तिकीला हा मुक्काम म्हणजे एक स्वतंत्र जत्राच. यात्रेच्या दिवसांत मालाच्या डब्यांतून माणसे कोंबून नेणे ही त्या काळच्या हिंदुस्थानातल्या रेल्वे कंपन्यांची सर्रास रीत होती, आणि तिसऱ्या वर्गाच्या हालांवर गांधीजींनी १९१७ मध्ये स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. वारीवरच्या मराठी लेखनात दिंडीच्या वाटेवरचे प्रत्येक रिंगण आणि प्रत्येक मुक्काम येतो. रेल्वेने पंढरीला जाणाऱ्या वारकऱ्याला मात्र तिथे जागा नाही, जणू गाडीत बसला की तो वारकरी उरत नाही. वऱ्हाडातून, खानदेशातून, मुंबईच्या गिरणगावातून येणाऱ्या कितीतरी लोकांची वारी कुर्डुवाडीच्या फलाटावरून गेली आहे. पायी वारीच्या पावित्र्यापुढे ती गौण का मानावी, हे अभ्यासकांनी सांगावे.

लाईन पुढे १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. एकूण दोनशे दोन मैल. मिरजेला त्या वेळी मीटरगेज. म्हणजे एका टोकाला माल मीटरगेजवर बदलायचा, मध्ये कुर्डुवाडीला ब्रॉडगेजवर. आणि लातूरकडे जाताना तर राज्यच बदलायचे. लातूर निजामाच्या हद्दीत. तिथे नाणे हाली, इकडे कलदार. तिथे जकातीला करोडगिरी म्हणत. कुर्डुवाडीत बसलेल्या हुंडेकऱ्याला तीन गेजांचे आणि दोन नाण्यांचे व्यवहार तोंडपाठ असावे लागत. आपण मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांचा इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत लिहितो. ही लाईन त्या दोहोंना रोज शिवत होती, म्हणून ती कोणाच्याच पुस्तकात नीट बसली नाही. मुक्तिसंग्रामाच्या लेखनात बार्शी भागातल्या सरहद्दीवरच्या छावण्या येतात, रझाकारांचे हल्ले येतात. सरहद्द ओलांडणारी आगगाडी आणि तिच्यावरचे नोकर क्वचितच येतात. आणखी एक गोष्ट कोणी मुद्दाम सांगत नाही : देश स्वतंत्र झाला, हैदराबाद संस्थान विलीन झाले, तरी ही गाडी लंडनला नोंदलेल्या कंपनीचीच होती. सरकारने ती ताब्यात घेतली १९५४ च्या आरंभी. शकुंतलेच्या मालकीविषयी वर्तमानपत्रांनी रंगवून लिहिले, कारण तिथे अजून साहेब हप्ता घेतो अशी चमचमीत कथा होती. बार्शी लाईटची साधी, कागदावरची गोष्ट त्यामानाने कोणाला हवी?

गावाचा दुसरा खांब म्हणजे वर्कशॉप. मालधक्क्यावरचे काम मोसमी आणि रोजंदारीचे. वर्कशॉपचे काम पगाराचे, भोंग्याचे, निवृत्तिवेतनाचे. एकाच गावात या दोन तऱ्हांची आयुष्ये शेजारी शेजारी होती आणि त्यांच्यातले अंतर रूळांहून जास्त होते. कारखान्यात फिटर, लोहार, सुतार, खलाशी घडले. शेतकरी कुटुंबातला मुलगा कसबी कामगार झाला. नॅरोगेजचे हे कौशल्य असे होते की माथेरानच्या छोट्या गाडीचे डबेही दुरुस्तीला इथे येत. तालुक्याचे ठिकाण माढा, आणि माढ्यालाही मुख्य लाईनवर स्टेशन आहे. तरी प्रांत कचेरी कुर्डुवाडीत आली. हे वजन जंक्शनचे. एक निरीक्षण नोंदवतो. रेल्वे नोकराच्या घरात 'गाव कोणते' या प्रश्नाला बहुधा दोन उत्तरे मिळतात, एक बदलीच्या आधीचे आणि एक क्वार्टरमधले. अशा गावात स्थानिक इतिहासाचा अभिमान रुजायला वेळ लागतो, कारण वाडवडिलांची थडगी आणि देवस्थाने दुसरीकडे असतात. स्मरणिकाकार साहेबाचे नाव का घट्ट धरून ठेवतात, याचे एक कारण मला यात दिसते. ज्यांना सामाईक पूर्वज नाही, त्यांनी एक उसना पूर्वज घेतला.

आता गेज बदलले. लातूर ते उस्मानाबाद २००७ मध्ये आणि तिथून कुर्डुवाडीपर्यंत २००८ मध्ये ब्रॉडगेज झाले, मिरज बाजू त्यानंतर दोन-तीन वर्षांत. जुनी लाईन येडशीवरून जाताना उस्मानाबाद शहराला बाजूला ठेवून जाई. नव्या लाईनने वळण घेऊन जिल्ह्याच्या गावाला स्टेशन दिले. लातूरकर सरळ मुंबईच्या गाडीत बसू लागला. हे चांगले झाले, यात वाद नाही. आणि ज्यांनी छोट्या गाडीसाठी अश्रू ढाळणारे लेख लिहिले त्यांनी लातूरच्या प्रवाशाला एकदा विचारायला हवे होते. पण तीन फुटांचा फरक मिटला त्या दिवशी कुर्डुवाडीतल्या माल बदलण्याचा कामाचा पायाही मिटला, हेही तितकेच खरे. त्या समारंभाच्या बातम्यांत फीत कापणाऱ्यांची नावे आहेत.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेत दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास टाक्यांची गाडी, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर : उस्मानाबादचे वळण सोडले तर ही सगळी कॅल्थ्रॉपच्या कंपनीचीच वाट. नॅरोगेज राहिले असते तर ते पाणी कुर्डुवाडीला पोचायला मिरजेतच दुसऱ्या मापाच्या टाक्यांत भरावे लागले असते, आणि एवढ्या मोठ्या टाक्या त्या रूळांवर चाललीच नसत्या. म्हणजे ज्या बदलाने कुर्डुवाडीच्या हमालाचे काम गेले, त्याच बदलाने लातूरच्या नळाला पाणी आले. या दोन्ही गोष्टी एका पानावर लिहिणारा इतिहास आपल्याला हवा आहे. त्या वेळच्या वार्तांकनात कुर्डुवाडी होती ती गाडी किती वाजता सुटली हे सांगण्यापुरती.

असा इतिहास लिहिण्याची साधने अजून आहेत, पण झपाट्याने जात आहेत. हुंडेकऱ्यांच्या कीर्दी-खतावण्या, मालधक्क्याच्या पावत्या, गँगच्या हजेरीपटांच्या नकला, नगरपालिकेच्या जकातीच्या वह्या, शाळेच्या दाखल्यांच्या रजिस्टरमधला 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना. शेवटचे साधन सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित. एका शाळेच्या जुन्या रजिस्टरची पाने उलटताना ओळीने येणारे शब्द मी उतरवून घेतले होते : पॉइंटमन, हमाल, हमाल, फायरमन, शिंपी, रेल्वे खलाशी, हॉटेल, हमाल, गँगमन, मोलमजुरी, फिटर. इंजिनांची यादी इतक्याच काटेकोरपणे छापली जाते. या यादीतला एकही माणूस अद्याप कुठल्या पुस्तकात आलेला नाही. ज्यांनी पोती वाहिली त्यांच्यापैकी जे हयात आहेत ते सत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांना प्रश्न विचारायला गेलेला माणूस बहुधा इंजिनाविषयीच विचारतो.